पॉइंट सोडून बुंधे बघत: महाबळेश्वरची ग्राफिस-भटकंती

महाबळेश्वरला जाऊन आर्थर सीटच्या कठड्यापाशी पाच मिनिटंही थांबलो नाही, असं सांगितलं की ऐकणारा आधी आपल्या तोंडाकडे बघतो. आमच्या छोट्या गटाला बघायचे होते झाडांच्या सालीवरचे पांढुरके डाग. हे डाग सगळ्यांनीच पाहिलेले असतात. झाडाला कसलातरी रोग झालाय असं समजून माणूस पुढे जातो. रोगबिग काही नसतो. ते असतं शैवाक, म्हणजे कवक आणि शैवल यांचा एकत्र संसार, आणि त्या पांढऱ्यावर काळ्या बारीक वेड्यावाकड्या रेघा दिसल्या तर बहुधा ते ग्राफिस नावाचं शैवाक किंवा त्याच्या भाऊबंदांपैकी कुणीतरी असतं.

गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही शैवाकच. पण ते पानासारखं पसरट, कडा सुटलेलं. नखाने उचललं की निघून येतं. ग्राफिसचं तसं नाही. ते क्रस्टोज प्रकारातलं, म्हणजे सालीला सर्वांगाने चिकटून वाढणारं. खालच्या बाजूला त्वचाच नसते, कवकाचे तंतू थेट सालीच्या वरच्या थरात शिरलेले असतात. ते काढायचं म्हणजे साल कापायची, आणि हे आपण करायचं नाही. अशा शैवाकांची वाढ वर्षाला एखादा मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. तळहाताएवढा ठिपका दिसला तर त्याच्या वयाचा हिशेब मनातल्या मनात करून बघा आणि खिशातला चाकू खिशातच ठेवा.

जायचं कधी? ऑक्टोबर संपता संपता ते फेब्रुवारी. पावसाळ्यात इथे साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, धुक्यात हातभरावरचं दिसत नाही आणि भिंगावर सतत बाष्प धरतं. शिवाय ओलं झालं की शैवाकाचा वरचा थर पारदर्शक होतो, आतलं शैवल डोकावतं आणि पांढरा डाग हिरवट होऊन सालीतच मिसळून जातो. मे महिन्यात हवा कोरडी मिळते, पण वेण्णा तलावापाशी गाड्यांच्या रांगेत अर्धा दिवस जातो. शनिवार-रविवार तर कुठल्याही महिन्यातला टाळा. पुण्याहून स्वारगेटची एसटी वाई-पाचगणीमार्गे आणून सोडते. पुढे क्षेत्र महाबळेश्वरपर्यंत गाडी केली की बाकी सगळं पायी.

क्षेत्र महाबळेश्वरकडून आर्थर सीटकडे जाणारा रस्ता आम्हाला सगळ्यात लाभला. दोन्ही बाजूंना बुटक्या सदाहरित झाडांचं रान: जांभूळ, अंजन, पिसा, मधूनच हिरडा. रानात शिरायची गरजच पडत नाही, रस्त्याच्या कडेचे बुंधे पुरतात. हिरड्याची भेगाळलेली साल सोडून द्या. जांभळाच्या मनगटाएवढ्या जाड, अजून गुळगुळीत असलेल्या फांद्या धरा, आणि उजेड येतो पण भर दुपारचं ऊन थेट पडत नाही अशी बाजू निवडा. लिंगमळ्याच्या वाटेवरही बरंच दिसलं, पण तिथे सेल्फीवाल्यांची ये-जा फार. आम्ही चौघं एका फांदीला नाक लावून उभे राहिलो, तर एका काकांनी गाडी थांबवून विचारलं, “काय हरवलंय का तुमचं?” “नाही काका, शैवाक बघतोय,” म्हटल्यावर त्यांनी काच वर केली.

दहापट दाखवणारं भिंग हवंच. सोनारी भिंग चालतं, दोनशे-तीनशे रुपयांत मिळतं. ते डोळ्याला टेकवायचं आणि डोकं सालीजवळ न्यायचं. हात लांब करून भिंग सालीवर धरलं तर काही दिसत नाही. दुसऱ्या हातात छोटी विजेरी, आणि तिचा झोत समोरून न टाकता आडवा टाकायचा. आडव्या प्रकाशात त्या रेघा एकदम उठून येतात. प्रत्येक रेघ म्हणजे दोन काळे ओठ आणि मधे चीर. हे कवकाचं फळ, लिरेला. ओठ कोळशासारखे काळे आणि कडक. एका जांभळावर रेघा आखूड आणि सरळ होत्या, तर शेजारच्याच फांदीवर लांब, नागमोडी, टोकाला फाटे फुटलेल्या. गटातली एकजण म्हणाली, “हे तर मोडीतलं पत्र.” काहींच्या ओठांवर पांढरी भुकटी होती, काहींच्या ओठांवर लांबीच्या दिशेने खाचा. या खाचा नीट बघा, जाती ओळखताना त्या कामाला येतात. आणि दोन शैवाकं एकमेकांना भिडतात तिथे केसाएवढी काळी सीमारेषा दिसते, ती चुकवू नका. मला तर रेघांपेक्षा ती हद्दच जास्त आवडली.

सोबतीच्या शैवलाचं नाव ट्रेन्टेपोहलिया. वर्गीकरणाने हिरवं शैवल, पण रंगाने नारिंगी, कारण पेशींत कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं भरलेली. महाबळेश्वरच्या जुन्या दगडी भिंतींवर आणि काही बुंध्यांवर गंजासारखा नारिंगी मखमली थर दिसतो, तो बहुधा हेच शैवल, शैवाकाविना मोकळं राहणारं. ग्राफिसच्या बहुतेक जातींत कवक आणि शैवल एकत्र उडून जातील असे कण नसतात. कवकाचे बीजाणू एकटेच निघतात आणि जिथे पडतील तिथे जोडीदार नव्याने गाठावा लागतो. भिंतीवर इतकं शैवल बघितल्यावर हा शोध इथे तरी फार अवघड नसावा असं वाटलं.

आता नावाचं बघू. समाजमाध्यमांवरच्या शैवाक गटांवर रोज कुणीतरी सालीवरच्या रेघांचा फोटो टाकतं आणि खाली ‘ग्राफिस स्क्रिप्टा’ लिहून मोकळं होतं. ती समशीतोष्ण प्रदेशातली जात, आणि तिथेही ती एकच जात नसून युरोपातल्या अभ्यासकांनी तिचे चार भाग पाडले आहेत. सह्याद्रीत हे नाव डोळे मिटून लावू नये.

मुळात बाहेरच्या रेघांवरून प्रजातीदेखील (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) खात्रीने ठरत नाही. ओपेग्राफा या दुसऱ्या शैवाकाच्या रेघा अशाच काळ्या, शैवलही बहुधा तेच, पण नात्याने ते पार वेगळ्या गणातलं. ग्राफिसच्या कुळात, ग्राफिडेसीत, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात म्युलर या स्विस शास्त्रज्ञाने बीजाणूंवरून चार कप्पे केले. बीजाणू रंगहीन आणि आत नुसते आडवे पडदे, म्हणजे कप्पे पाडणाऱ्या भिंती, असतील तर ग्राफिस; रंगहीन पण आडवे-उभे दोन्ही पडदे असतील तर ग्राफिना; तपकिरी आणि आडव्या पडद्यांचा असेल तर फिओग्राफिस; तपकिरी आणि दोन्ही पडद्यांचा असेल तर फिओग्राफिना. लक्षात ठेवायला सुटसुटीत, म्हणून शंभरेक वर्षं टिकलं. पण निसर्गाने हे कप्पे मानलेले नव्हते. २००२ साली बेटिना श्टायगर यांनी ओठांची रचना, वरचा थर, रसायनं असं सगळं एकत्र धरून कुळाची नव्याने मांडणी केली आणि ग्राफिनातल्या अनेक जाती ग्राफिसमध्ये आल्या. २००९च्या जागतिक किल्लीत, म्हणजे जाती ओळखायच्या तक्त्यात, ग्राफिसच्या सुमारे ३३० जाती होत्या. पुढे डीएनएने आणखी एक धक्का दिला: जाडजूड रेघांच्या बऱ्याच जाती निराळ्या शाखेवरच्या निघाल्या आणि २०१८ मध्ये त्यांच्यासाठी अॅलोग्राफा हे जुनं नाव पुन्हा वापरात आलं. जुन्या याद्या घेऊन जाणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, की तिथलं ग्राफिस आज ग्राफिस असेलच असं नाही.

यात पुण्याचा वाटा मोठा आहे. आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा, भारती आडावडकर यांनी याच कुळावर अनेक वर्षं काम केलं आणि तिथल्या आजरेकर कवक संग्रहालयात सह्याद्रीतले नमुने जपलेले आहेत. अर्थात ते सहलीला जायचं ठिकाण नाही. अभ्यासासाठी जायचं तर आधी रीतसर परवानगी काढा.

आम्ही उतरलो होतो त्या घराच्या आवारात वाऱ्याने पडलेली जांभळाची काटकी मिळाली. मालकांना विचारून ती पुण्याला आणली. जंगलातून मात्र पडलेलंही उचलू नका. वनखात्याच्या परवानगीशिवाय गोळा करणं बेकायदा आहे, आणि हा सगळा टापू २००१ पासून पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. घरी एका लिरेलाचा नव्या ब्लेडने आडवा छेद घेतला. छेद जितका पातळ तितकं बरं. जाड छेद सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळा गोळा दिसतो. काळ्या ओठांच्या मधे उभ्या पिशव्या, पिशवीत लांबट रंगहीन बीजाणू, आडवे पडदे, आणि प्रत्येक कप्पा आतून मसुरीच्या डाळीसारखा. ल्यूगोलच्या आयोडिनचा थेंब सोडला तसे बीजाणू जांभळट झाले. दुसऱ्या छेदावर पोटॅशियम हायड्रॉक्साइड टाकलं: आधी पिवळं आणि थोड्या वेळाने लाल सुयांसारखे स्फटिक, म्हणजे नॉरस्टिक्टिक आम्ल, शैवाकात सापडणारं एक रसायन. हातमोजे घाला, हे द्रावण कातडी जाळतं.

एवढ्यावर आम्ही वहीत ‘ग्राफिस, नॉरस्टिक्टिक आम्ल असलेली’ असं लिहून थांबलो. जात ठरवायची तर ओठांवरच्या खाचा, काळा थर फक्त बाजूंना आहे की तळाशीही, बीजाणूंची लांबी आणि पडद्यांची संख्या हे सगळं मोजावं लागेल. तुम्ही गेलात तर प्रत्येक ठिपक्याचे निदान तीन फोटो घ्या: सालीसकट पूर्ण झाड ओळखू येईल असा एक, मिलिमीटरची पट्टी ठेवून एक, आणि आडव्या उजेडात ओठांचा एक. पट्टी विसरू नका; ती नसली तर पुढे कुणीही मदत करू शकत नाही. आणि खाण्याची पिशवी झाडाखाली ठेवून भिंग लावू नका. माकडांना शैवाकात रस नाही, पण बाकी सगळ्यात आहे.