एलडीडी साफ, तरी खिडकी उघडेना

लिनक्सवर ३२-बिटचा प्रोग्राम चालत नव्हता, ते मागच्या नोंदीतलं प्रकरण मिटलं. फाइल समोर असून 'अशी फाइल नाही' येत होतं, कारण नव्हता तो प्रोग्राम सुरू करणारा लोडर, एलडी-लिनक्स.एसओ.२. आय३८६ (३२-बिट) आर्किटेक्चर जोडलं, लिबसी६:आय३८६ पॅकेज टाकलं, झालं.

आता क्यूटी ५ (खिडक्या-बटणं काढणारी लायब्ररी) वाला प्रोग्राम. मेनूत क्लिक केलं की कर्सर क्षणभर गरगरतो आणि मग सगळं चिडीचूप. टर्मिनल सांगतं, एक्ससीबी प्लगिन (खिडकी स्क्रीनवर आणणारा क्यूटीचा तुकडा) सापडलं पण लोड होईना. प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची यादी देणाऱ्या एलडीडी कमांडमध्ये एकही 'नॉट फाउंड' नाही! डोकं इथेच फिरतं. हे प्लगिन मुख्य बायनरीला जोडलेलंच नसतं. प्रोग्राम सुरू झाल्यावर डीएलओपन हे फंक्शन त्याला ओढून आणतं. म्हणून एलडीडी थेट प्लॅटफॉर्म्स फोल्डरमधल्या लिबक्यूएक्ससीबी.एसओवर चालवायचं. (अनोळखी बायनरीवर मात्र नको, तिथे फाइल न चालवता नुसती वाचणारा ऑब्जडम्प -पी बरा.) लगेच दोन नावं हाती लागली: लिबएक्ससीबी-आयसीसीसीएम.एसओ.४ आणि लिबएक्ससीबी-कीसिम्स.एसओ.१. डेबियन-उबुंटूत पॅकेजं लिबएक्ससीबी-आयसीसीसीएम४ आणि लिबएक्ससीबी-कीसिम्स१. फेडोरात एक्ससीबी-युटिल-डब्ल्यूएम आणि एक्ससीबी-युटिल-कीसिम्स. क्यूटी ६.५ पासून एरर मेसेज स्वतःच लिबएक्ससीबी-कर्सर०चं नाव घेतो. हे शहाणपण आधी सुचलं असतं तर!

पॅकेजं टाकली, टर्मिनलमधून खिडकी उघडली. मेनूतून अजूनही ठणठणाट. कारण लायब्रऱ्या कुठे शोधायच्या ते सांगणारा एलडी_लायब्ररी_पाथ .बॅशआरसी या टर्मिनलच्या सेटिंग फाइलमध्ये आहे आणि मेनू ती फाइल वाचतच नाही. मेनूतली नोंद असलेल्या .डेस्कटॉप फाइलच्या एक्झेक ओळीत 'एन्व्ह' लावून तो पाथ देता येतो. पण मग या प्रोग्राममधून उघडलेल्या ब्राउझरलाही तोच पाथ वारशाने मिळतो, तो या प्रोग्रामसोबत आलेली जुनी लिबएसटीडीसी++ लायब्ररी उचलतो आणि आपटतो.

म्हणून बेत बदलला: पॅचएल्फ, म्हणजे लायब्रऱ्यांचा पाथ (आरपाथ) बायनरीतच लिहिणारं साधन. मूळ बायनरीची कॉपी ठेवून --सेट-आरपाथ '$ओरिजिन/लिब' ($ओरिजिन म्हणजे ती फाइल आहे तो फोल्डर). अवतरणचिन्ह एकेरीच हवं. दुहेरीत शेल $ओरिजिनच्या जागी रिकामी जागा भरतो आणि पाथ नुसता /लिब उरतो. तरीही एक लायब्ररी हटून बसली. लोडरचा शोध दाखवणाऱ्या एलडी_डीबग=लिब्सने दाखवलं की तिची मागणी करणारी दुसरी लायब्ररी आपला फोल्डर बघतच नाही. पॅचएल्फ मुळात आरपाथऐवजी त्याचा दुसरा प्रकार, रनपाथ, लिहितं, आणि रनपाथ फक्त त्या फाइलच्या थेट गरजांपुरता चालतो. --फोर्स-आरपाथ दिल्यावर तीही सापडली. मात्र मागणाऱ्या लायब्ररीत स्वतःचा रनपाथ असेल तर मुख्य बायनरीतला आरपाथ दुर्लक्षित होतो. अशा लायब्रऱ्यांना वेगळा '$ओरिजिन' द्यायचा.

.बॅशआरसीमधली ओळ काढून पुन्हा लॉगिन केलं, मेनूतून खिडकी उघडते. ब्राउझरही शाबूत.