धातू शोषणारं पीक कापल्यावर ठेवायचं कुठे?

सूर्यफूल लावा, मोहरी लावा आणि जमिनीतले शिसं, कॅडमियम असे विषारी धातू गायब, असं हल्ली खूप ऐकू येतं आणि मला त्याची खरंच काळजी वाटते. कारण धातू काही कुजत नाही, पीक तो फक्त मुळांनी ओढून खोडापानांत नेऊन ठेवतं. म्हणजे ते कापून शेताबाहेर काढलं तरच फायदा, तिथेच गाडलं की सगळं परत मातीत.

थोडा हिशोब करून बघा ना. एक हेक्टर जमिनीच्या वरच्या २० सेंमी थरात साधारण २,५०० टन माती असते, त्यात कॅडमियम किलोमागे फक्त १ मिलिग्रॅमने कमी करायचं म्हटलं तरी अडीच किलो बाहेर काढायचंय. समजा मका लावला, वाळून २० टन भरला आणि त्यात किलोमागे २ मिलिग्रॅम कॅडमियम धरलं, तर वर्षाला निघालं ४० ग्रॅम. म्हणजे साठच्या वर वर्षं!

पण म्हणून हे सगळं फोल आहे असं अजिबात नाही. जपानमध्ये चोकोकोकू नावाचा भात वापरून बघितला, हा भात कॅडमियम भरपूर ओढतो, आणि शेतातलं पाणी काढून टाकलं की अजून जास्त, कारण माती कोरडी होऊन हवा लागली की कॅडमियम सुटं होतं. दोन वर्षांत मातीतलं कॅडमियम ३८ टक्क्यांनी उतरलं आणि नंतर तिथेच घेतलेल्या खायच्या तांदळातलं ४७ टक्क्यांनी. मला हे फार मोठं वाटतं, योग्य वाण आणि पाण्याचं नियोजन एवढ्यावर हे झालंय.

शिशाचं मात्र अवघड आहे. ते मातीला घट्ट चिकटून बसतं, ईडीटीएसारखं, धातूला पकडून पाण्यात विरघळवणारं केमिकल घालून सुटं केलं तर मोहरी जास्त ओढते खरी, पण उरलेलं पावसाबरोबर खाली झिरपून विहिरीच्या पाण्यात जायची भीती. मी तरी कुणालाच हे करा म्हणणार नाही.

आणि प्लीज, असं पीक वैरण म्हणून जनावरांना घालू नका, कंपोस्टमध्येही नको. उघड्यावर जाळलं तर काही धातू धुरात जातो आणि बाकीचा राखेत राहतो, त्यामुळे धूर गाळणारी भट्टी लागते आणि ती राखही शेतात टाकायची नाही. ही सोय आधी बघा, बियाणं नंतर आणा.