कापड खाणारी घडी

भाचीने इस्त्री मागितली तेव्हाच मला शंका यायला हवी होती. या मुलीने स्वतःच्या कुर्त्याला कधी इस्त्री केलेली मी पाहिली नाही. पण रविवारची दुपार, जेवण अंगावर आलेलं, शब्दकोड्यातले तीन शब्द अडलेले. मी म्हटलं, घे.

थोड्या वेळाने उठून बघते तर जेवणाच्या टेबलावर चादर अंथरलेली आणि तिच्यावर मांजरपाटाचे आठ-आठ इंचांचे चौकोन. एकेक उचलायचा, चारही कोपरे मध्यात आणायचे, इस्त्री फिरवायची. जो छोटा चौकोन होतो त्याचे पुन्हा चार कोपरे मध्यात, पुन्हा इस्त्री. मग मध्यभागी चारी टोकं एकत्र धरून एक टाका. लहानपणी कागदाचा एक खेळ करायचो, दोन्ही हातांची बोटं घालून उघडझाप करायचा आणि आत कुणाकुणाची नावं लिहून ठेवायची. त्याची सुरुवात अगदी अशीच.

"याला कथीड्रल विंडो म्हणतात," ती म्हणाली. "चर्चच्या खिडक्या."

"आठाचा चौकोन चारावर आला की गं."

"हो, मग? चार पदर झाले ना."

"म्हणजे तीन हिस्से कापड गेलं."

"मावशी, गेलं कुठे? आतच आहे."

"आत असून काय उपयोग?"

यावर तिने माझ्याकडे जे पाहिलं, ते मी माझ्या आजीकडे पाहायची तसंच होतं, म्हणून गप्प बसले.

खरं सांगायचं तर पुढची करामत पाहून मी जरा विरघळले. असे दोन चौकोन शेजारी जोडले की जोडावर एक तिरका चौकोन तयार होतो. त्यावर तिने रंगीत कापडाचा इवलासा तुकडा ठेवला आणि मांजरपाटाच्या दुमडलेल्या कडा त्याच्यावर किंचित गुंडाळून टाके घातले. सरळ कड बोटाखाली बघता बघता कमानीसारखी वळली. "कशी वळते बघ ना, ओढावी पण लागत नाही," ती म्हणाली. मी म्हटलं, वळणारच, ती उरेब आहे. पहिली घडी कापडाच्या तिरप्यात पडते ना! उभ्या-आडव्या धाग्यात कापड ताठ असतं, तिरक्यात लवतं. ब्लाउजच्या गळ्याला उरेब पट्टी का लावतात, हे ज्याला माहीत आहे त्याला खिडकी समजायला वेळ लागत नाही. तिने "उरेब" हा शब्द दोनदा म्हणून पाहिला. क्लासमध्ये त्यांना बायस शिकवलंय.

पण तीन हिस्से कापड आत, हे काही माझ्या डोक्यातून जाईना.

मी चिंध्या टाकत नाही. माझ्याकडे चिंध्यांच्या पिशव्या आहेत आणि त्या पिशव्यांची एक पिशवी आहे. शिंप्याकडून ब्लाउज आणताना उरलेलं कापड मागून घेते. तो "काही उरलं नाही ताई" म्हणाला की मनातल्या मनात मोजमाप करते. हा रोग आजीकडून आला. आमचं गाव कऱ्हाडच्या बाजूला. दिवाळी सरली की तिथल्या माडीवर गोधडी पडायची. शिवायची नव्हे, पडायची, तसंच म्हणत. खाली एक विटकं लुगडं अंथरायचं, वर जुनी धोतरं, फाटक्या चादरी, परकरांचे तुकडे, जिथे विरलंय तिथे दुप्पट, आणि सगळ्यांवर दुसरं जरा बऱ्या रंगाचं लुगडं. चार कोपऱ्यांवर वरवंटा, बत्ता, अडिसरी आणि उरलेल्या कोपऱ्यावर मी. नऊवारी लुगडं मधून कापलं तरी गोधडीपुरतं मोप होई. मग आजी आणि शेजारची काकू समोरासमोर बसून कडेकडेने धावदोरा घालत आत आत सरकायच्या. दोघींच्या गप्पा पण तशाच. सुरुवातीला गावच्या, पाण्याच्या, म्हशीच्या. मध्याशी येईतो आवाज इतका खाली जायचा की मला काही ऐकू येत नसे. कोपरा सोडून पुढे सरकले की गोधडीला चूण पडायची आणि आजी ओरडायची.

या सगळ्या कारभारात घडी नावाला नव्हती. घडी घातलेलं कापड आजीला पटतच नसे. चोळीला चुण्या घातलेल्या, मशीनवर फ्रॉकला झालर लावलेली तिला दिसली की ती एकच म्हणे, "कापड खातंय." घडी कापड खाते, चुणी कापड खाते, आणि खाऊन उब काही जास्त देत नाही. गोधडीत थर हवेत, दुमड नको. दुमडीवर दाभण अडतं आणि झोपताना पाठीला लागतं. तिच्या गोधड्यांत शोधूनही दुमड सापडली नसती.

एक सोडून. माझ्या बारशाचं दुपटं.

ते आमच्याकडे आहे अजून. माझ्यानंतर धाकट्या बहिणीला वापरलं, तिच्या मुलीला, म्हणजे ही इस्त्रीवाली, तिलाही वापरलं. तीस बाय छत्तीस इंचांचं, वर आईच्या कुठल्याशा डोहाळजेवणाच्या हिरव्या साडीचं कापड, आणि चारी कडांना त्रिकोणांची रांग. लाल जमिनीवर पांढऱ्या बुट्ट्या. लहान चौकोन घ्यायचा, कोपऱ्याला कोपरा जुळवून तिरका दुमडायचा, पुन्हा दुमडायचा, झाला त्रिकोण. उघड्या कडा सगळ्या एका बाजूला येतात, त्या दुपट्याच्या शिवणीत जातात, आणि बाहेर नुसती टोकं राहतात. भाचीने फोटोतले दाखवले तेव्हा कळलं की अमेरिकेत यांना प्रेअरी पॉइंट म्हणतात. कोरियातही गाठोडं बांधायच्या कापडांच्या कडेला असे बारीक त्रिकोण बसवतात आणि त्यांना पाइनच्या बियांचं, म्हणजे आपल्या चिलगोज्याच्या भाऊबंदांचं नाव आहे. आजीला यातलं काही ठाऊक असायचा प्रश्नच नव्हता. ती त्यांना "कोन" म्हणायची.

आपल्याकडे मला ठाऊक असलेला याचा जवळचा नातेवाईक दक्षिणेला आहे. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या रानाकडे सिद्दी लोक राहतात. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज. त्यांचे बरेचसे पूर्वज गोव्यातून घाट चढून तिकडे गेले, आणि त्यांच्या बोलण्यात कोंकणी-मराठी मिसळलेली असते. त्यांच्या बायका गोधडी शिवतात, तिला कवंद म्हणतात. एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने तुकडे लावत मध्याकडे जातात, म्हणजे आमच्या माडीसारखंच. पण शेवटी चारी कोपऱ्यांवर घड्या घातलेल्या कापडांचे त्रिकोण एकावर एक बसवतात. त्यांना फुला म्हणतात. फुला नसली तर कवंद उघडीनागडी, असं त्यांचं म्हणणं. पांघरूणच उघडं! मला हे वाचून इतका आनंद झाला होता की मी ते बहिणीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं." तिला कुकर लावायचा होता.

तर दुपटं. त्या रविवारी भाचीला दाखवायला म्हणून मी माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. वर चढली ती, खालून सूचना दिल्या मी. ट्रंकेत आईची पैठणीही असते. ती हाताला लागली की घडी बदलून ठेवायची असा नेम आहे, नाहीतर रेशीम घडीवर चिरतं आणि जर तुटते. तेवढं केलं. भाचीला यातही गंमत वाटली, की जपून ठेवलेली साडी ठेवल्यानेच फाटते. मी तिला घडी मोडायचं सांगितलं. नवी साडी आपण आधी नेसायची नाही, नणंदेला, बहिणीला म्हणायचं, "तू घडी मोड." आईने ही पैठणी आत्याला घडी मोडायला दिली होती. आत्याने लग्नात नेसली, जेवायला बसली आणि पदरावर श्रीखंड सांडलं. घडीबरोबर आणखीही काही मोडलं असावं, कारण त्यानंतर दोन वर्षं आमचं आत्याकडे जाणं नव्हतं. डाग अजून आहे. घडी घालताना तो आत जाईल अशी आई घालायची. मीही तशीच घालते.

दुपटं बाहेर काढलं तर एका कडेचा एक कोन शिवणीतून निसटून लोंबत होता. दोरा कुजला होता. भाचीने सवयीने बाकीचे मोजले, त्रेचाळीस. हा चव्वेचाळिसावा. तीन इंचांचा चौकोन, एकाला एक टेकून बसवलेले. मी कोड्याच्या समासात हिशेब मांडला. चव्वेचाळीस गुणिले नऊ, ३९६ चौरस इंच. अख्खं दुपटं १०८० चौरस इंचांचं. म्हणजे नुसत्या किनारीने दुपट्याच्या एक तृतीयांशाहून जास्त कापड खाल्लेलं. आजीने! फ्रॉकच्या झालरीवरून आईला टोमणे मारणाऱ्या आजीने!

मला गहिवरून आलं, खोटं कशाला सांगू. पहिली नात म्हणून म्हातारीने हात सैल सोडला होता तर. भाचीला मी तसं म्हणालेही. ती तो सुटलेला कोन हातात घेऊन उलटसुलट करत होती. "मावशी, हा उघडू?" म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता उघडला.

एक घडी उलगडली. दुसरी उलगडली. तिच्या तळव्यावर तीन इंचांचा चौकोन पसरला, आणि तो निम्माच लाल होता. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरकी शिवण, शिवणीच्या एका अंगाला पांढऱ्या बुट्ट्या आणि दुसऱ्या अंगाला निळे-पांढरे पट्टे.

ते पट्टे मी कुठेही ओळखले असते. आजोबांची नाडीची चड्डी. अंगणातल्या तारेवर आयुष्यभर वाळत घातलेली पाहिली आहे.

घडी अशी बेतली होती की पहिली दुमड बरोबर त्या जोडावर पडावी. पट्टे सगळे आत. वरून पाहा, खालून पाहा, लालच. चांगलं कापड दिसण्यापुरतं आणि घडीच्या पोटात जाणारं कापड चड्डीचं. मी दुपटं मांडीवर ओढलं आणि उरलेले कोन अंगठ्याने चाचपत गेले. एकेकाच्या एका कडेला बारीकशी वळी लागत होती, दुसरी कड सपाट. एकही चुकला नव्हता. बरं, उरेब जोड म्हणजे ताणणारा. दोन लहान त्रिकोण तिरप्यात जोडून चौकोन चौरस राखणं हे सोपं काम नाही. आणि हे चव्वेचाळीस वेळा, हातशिलाईने, रॉकेलच्या दिव्यात. वाचलेलं कापड किती, तर १९८ चौरस इंच. एक बनियन नीट होणार नाही त्यात.

आईला हे ठाऊक होतं का? ठाऊक असतं तर ती बोलली असती. तिला सासूबद्दल बोलायला आवडायचं. बारशाला आलेल्या बायकांनी ते दुपटं हातात घेऊन कौतुक केलं असणार, आजीने "कशाचं काय, चिंध्यांचं आहे" म्हटलं असणार, आणि सगळ्यांना तो विनय वाटला असणार.

"म्हणजे मी पण आजोबांच्या चड्डीत झोपलेय," भाची म्हणाली.

"पणजोबांच्या."

"ई!"

मग ती हसत सुटली ती किती वेळ थांबेना. मी चहा ठेवला. चहा उकळेपर्यंत तिने एक नवीन चौकोन घेतला होता. मांजरपाटाच्या ऐवजी आतल्या बाजूला जाईल तिथे काय काय लावता येईल, याचा तिचा विचार चालू होता आणि तिची नजर माझ्या पिशव्यांच्या पिशवीकडे होती. खिडकीच्या घडीत हे जमणार नाही, तिथे चौकोन दोनदा आत वळतो, जोड भलतीकडे येईल, असं मी म्हटलं. "बघू की," म्हणाली.

सुटलेला कोन मात्र मी त्याच संध्याकाळी लावायला घेतला. उजेड कमी झाला होता, चष्मा सापडेना. दुमडला, पुन्हा दुमडला, शिवणीत सारला, आजूबाजूच्या टाक्यांशी जुळवून आठ-दहा टाके घातले, गाठ मारली, दोरा दातांनी तोडला. दिवा लावून पाहिलं तर घडी उलटी पडली होती. त्रेचाळीस लाल कोनांच्या मधोमध एक निळ्या पट्ट्यांचा.

उसवणार होते. पण गाठ फार चांगली बसली होती.