टाकी भरलेली, रेडिएटर रिकामा

साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट निम्मा चढून झाला की माझ्या मोटरसायकलच्या तापमानाच्या पट्ट्या एकदम उसळी घेत, आणि वरच्या सपाटीला लागेपर्यंत लाल दिवा लागलेला असे. मार्चमध्ये सुरू झालेले हे दुखणे पावसाळा तोंडावर येईपर्यंत पुरले. गाडी एका सिलिंडरची, कूलंटवर, म्हणजे इंजिनमधून फिरून उष्णता वाहून नेणाऱ्या द्रवावर, थंड होणारी, सात वर्षांची आणि ४८ हजार किलोमीटर चाललेली आहे. तिने तोवर कधी तक्रार केली नव्हती, त्यामुळे आरंभी मी सगळा दोष उन्हाळ्यावर ढकलून मोकळा झालो.

गाडी तापते एवढ्यावरून काहीच कळत नाही. ती केव्हा तापते, हे विचारावे लागते. गर्दीत रखडल्यावर तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर निवत असेल, तर आधी पंख्याकडे पाहावे, कारण वेगात असताना रेडिएटरला, म्हणजे गरम कूलंट निववणाऱ्या जाळीला, लागणारा वारा पंख्याची उणीव भरून काढतो. उलट वेग वाढवल्यावर तापत असेल, तर कूलंट नीट फिरत नसण्याची किंवा रेडिएटर आतून वा बाहेरून बुजला असण्याची शक्यता अधिक. माझी गाडी या दोन्हींत बसत नव्हती. राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत संध्याकाळच्या गर्दीत ती हळूहळू तापे, पंखा सुरू होई आणि दोन मिनिटांत पट्टी खाली येई. कराडपर्यंत महामार्गावर ८०च्या वेगाने नेली तरी काटेकोर वागे. घाटात मात्र तापमान चढत नसे, तर उडी मारत असे, आणि कधी कधी कारण नसताना तितक्याच झटक्याने खाली येई. उष्णता अशी उड्या मारत नाही. सेन्सरभोवती कधी कूलंट आणि कधी वाफ किंवा हवा असेल, तरच आकडा असा नाचतो. हे तेव्हाच उमगले असते, तर पुढचे दोन महिने आणि काही हजार रुपये वाचले असते.

त्याऐवजी मी सुटे भाग बदलत सुटलो. रेडिएटरच्या जाळीत उसाच्या ट्रॉल्यांमागून फिरल्याने पाचटाचे तुकडे, चिलटे आणि माती यांचा थर बसला होता. तो मागच्या बाजूने, कमी दाबाच्या पाण्याने काढला, ते एक योग्यच झाले. कूलंट बदलला. मग थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा झडपेचा भाग, बदलला, आणि जुना घरी आणून, पातेल्यात दोऱ्याने टांगून, थर्मामीटर लावून उकळून पाहिला. ८२ अंशांना त्याची झडप हलू लागली आणि पुढे व्यवस्थित पूर्ण उघडली. म्हणजे मी चांगला भाग काढून टाकला होता. हा प्रयोग नवा भाग आणण्यापूर्वी करायचा असतो, हे सांगायला नको.

शेवटी गाडी गॅरेजमध्ये नेली. मिस्त्रींनी राखीव टाकी, म्हणजे रेडिएटरमधला जादा कूलंट जिथे साठतो ती, पाहिली; ती काठोकाठ होती. ते म्हणाले, "साहेब, कूलंट तर फुल आहे. म्हणजे हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." त्यांचा तर्क अगदीच निराधार नव्हता. हेड गॅस्केट म्हणजे सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर; ते फुटले की ज्वलनाचा वायू कूलंटच्या मार्गात शिरतो, कूलंटला टाकीत ढकलतो आणि गाडी तापते. परंतु इंजिन खोलणे हा मोठा खर्च, आणि गॅस्केटची परीक्षा त्याआधी घरबसल्या करता येते. मी एक दिवस मागून घेतला.

सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना बाजूचे प्लास्टिक काढून मी रेडिएटरची कॅप उघडली. (तापलेल्या गाडीची कॅप कधीही उघडू नये; आतला कूलंट उसळून हात आणि चेहरा भाजतो.) कॅप उघडून इंजिन सुरू ठेवल्यावर तोंडाशी बुडबुडे सतत येत राहिले, तर गॅस्केटवर संशय घ्यायचा, असा माझा बेत होता. पण बुडबुडे पाहायला तोंडाशी कूलंटच नव्हता. तो दोन बोटे खाली होता. तीन आठवड्यांपूर्वी मी स्वतः तो काठापर्यंत भरला होता, आणि शेजारची टाकी तर वरच्या खुणेच्याही पुढे गेली होती. आपण सगळे टाकीच पाहतो, कारण ती दिसते; रेडिएटरचे तोंड प्लास्टिकखाली दडलेले असते.

कूलंट भरून परीक्षा पुरी केली. पहिले काही बुडबुडे आले आणि थांबले. कॅप लावून पुन्हा इंजिन सुरू केले, तेव्हा पहिल्या मिनिटात रेडिएटरची जाड नळी फुगून कडक झाली नाही. ऑइल दुधाळ नव्हते, म्हणजे त्यात कूलंट मिसळला नव्हता. गॅस्केट शाबूत होते. मग प्रश्न उरला तो एवढाच, की टाकीत गेलेला कूलंट परत का येत नाही.

कॅप हे नुसते झाकण नसते. माझ्या कॅपवर १.१ असा आकडा आहे, म्हणजे १.१ बार इतका दाब. आतला दाब तेवढा वाढेपर्यंत मोठी झडप बंद राहते, आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत उकळत नाही. साताऱ्याच्या उंचीवर उघड्या भांड्यात ते शंभरच्या आतच उकळते, त्यावरून या झाकणाची किंमत कळावी. दाब त्यापलीकडे गेला की जादा कूलंट बारीक नळीतून टाकीत जातो. इंजिन निवले की आत पोकळी निर्माण होते, मधली छोटी झडप उघडते आणि गेलेला कूलंट त्याच नळीतून परत ओढला जातो. माझ्याकडे पहिला अर्धा भाग चालू होता, दुसरा नव्हता.

साहजिकच मी नवी कॅप आणली. आठवडाभर गाडी सुरळीत चालली आणि मी जिंकल्याच्या थाटात होतो. प्रत्यक्षात गुण कॅपचा नव्हता, रेडिएटर पुन्हा भरल्याचा होता. दहाव्या दिवशी घाटात पट्ट्या परत उडाल्या. या वेळी मात्र टाकीवर चिकटपट्टी लावून रात्रीची आणि सकाळची पातळी लिहू लागलो. फिरून आल्यावर पातळी चढे, आणि सकाळी ती जिथल्या तिथे असे.

कॅप नवी, तरी कूलंट परत येत नाही, म्हटल्यावर उरली ती बारीक नळी. ती काढून एक टोक बोटाने दाबले आणि दुसऱ्याला वीस मिलिलिटरची इंजेक्शनची सिरिंज लावून ओढली. (तोंडाने ओढू नये, कूलंट विषारी असतो.) पोकळी टिकेना. रेडिएटरच्या बाजूचे टोक वाकवले, तेव्हा क्लिपच्या खाली, सहजी न दिसणाऱ्या जागी, नखाएवढी उभी चीर सापडली. भोवती वाळलेल्या कूलंटचा फिकट हिरवा डाग होता. गरम कूलंट दाबाने येई तेव्हा थोडासा पाझरून बाकी टाकीत पोचे. परतीच्या वेळी मात्र नळीला टाकीतून द्रव ओढण्यापेक्षा चिरेतून हवा ओढणे सोपे जाई. चिरलेल्या स्ट्रॉने उसाचा रस प्यायला गेल्यास काय होते, ते रसवंतीत बसलेल्या कोणालाही ठाऊक आहे. प्रत्येक फेरीत थोडी हवा आत येई. सपाटीवर तेवढ्या कूलंटवर भागे, पण घाटात दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर भार वाढे, वारा कमी लागे, आणि पंप कूलंटबरोबर हवाही फिरवू लागे.

नळी साठ रुपयांना मिळाली. ती बसवून, रेडिएटर काठापर्यंत भरून, वरच्या स्क्रूमधून हवा काढली आणि त्याच रविवारी कासपर्यंत, म्हणजे सुमारे १२०० मीटर उंचीपर्यंत, जाऊन आलो. पट्ट्या मध्यावर राहिल्या. घरी आल्यावर टाकीतला कूलंट चिकटपट्टीच्या बोटभर वर होता. सोमवारी सकाळी तो पुन्हा पट्टीच्या रेषेवर आला होता.