तुम्ही २ निवडले

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्याच्या जर्नलमध्ये एक हॉटेल हमखास असतं. १. वडापाव, २. मिसळ, ३. साबुदाणा वडा. खाली ‘तुमचा पर्याय टाका’. आपण २ टाकतो, एंटर मारतो आणि उत्तर येतं: ‘तुम्ही २ निवडले.’

अरे बाबा, ते मलाही माहीत आहे! भरल्या हॉटेलात कुठला वेटर ‘साहेबांनी दोन निवडले’ असं आत ओरडतो? ‘एक मिसळ, पाव जादा’ असंच ऐकू येतं. पण प्रोग्रामची बाजूही ऐकायला हवी. मेनू पडद्यावर छापला तेव्हाच ‘मिसळ’ हा शब्द त्याच्या लेखी संपला. हाती उरला तो नुसता आकडा.

मग पहिला इलाज म्हणजे स्विच, म्हणजे आकडा बघून त्या-त्या केसखालचं काम करणारी रचना. केस १ ला वडापाव, केस २ ला मिसळ. इथे प्रत्येक केसखाली ब्रेक, म्हणजे ‘आता थांब’, लिहायचा असतो आणि नवशिका तो खातोच. मग मिसळ मागवणाऱ्याला मिसळ, पाठोपाठ साबुदाणा वडा आणि वर ‘चुकीचा पर्याय’ असा टोमणाही मिळतो. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सी घडवली ती १९७२ च्या सुमारास. तेव्हापासून हे एका केसमधून पुढच्या केसमध्ये घसरणं तसंच आहे. तरी माझं मत असं, की मुलांना आधी स्विचच लिहू द्यावा. मेनूत एक नाव, केसमध्ये दुसरं, असा घोळ हातून झाल्याशिवाय नावं एकाच यादीत ठेवायची गरज पटत नाही.

ती यादी म्हणजे ॲरे. मेनूही त्यातूनच छापायचा आणि उत्तरही त्यातूनच द्यायचं. फक्त तिथली मोजणी शून्यापासून, कारण तो आकडा म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर. पहिली वस्तू सुरुवातीलाच असते. म्हणून पर्यायातून एक वजा करायचा. आता पायथन या दुसऱ्या भाषेत कुणी खोडसाळपणे ० टाकला तर? शून्यातून एक गेला, उणे एक. आणि पायथनमध्ये उणे एक म्हणजे यादीतली शेवटची वस्तू. मेनूत नसलेल्या शून्याला निमूटपणे साबुदाणा वडा मिळतो! एररसुद्धा येत नाही. म्हणून पर्याय १ ते ३ मधलाच आहे ना, हे आधी तपासावं. नाहीतर सरळ डिक्शनरी, म्हणजे आकडा आणि नाव यांच्या जोड्या, वापरावी. २ च्या पुढे मिसळ, विषय संपला. वजाबाकी नाही, आणि यादीत नसलेला आकडा मागितला की ती तिथेच अडून बसते. मला हा फटकळपणा आवडतो.

पायथन ३ मध्ये पदार्थांची नावं देवनागरीत लिहिता येतात, हे आता कुणाला नवं नाही. पण मराठी कीबोर्डवरून ‘२’ टाकला तरी टाकलेल्या मजकुराची संख्या करणारा इंट त्याचा बिनतक्रार दोन करतो, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. परत छापताना मात्र तो आकडा इंग्रजीच उमटतो. मेनू सगळा मराठी, आकडे तेवढे परके. यावर तोडगा तोच: आकड्यांचीही यादी करायची. ‘०१२३४५६७८९’ एवढी स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, पुरते. दोन मागितला की २ मिळतो, सात मागितला की ७. आणि ही यादी मुळातच शून्यापासून सुरू होते, त्यामुळे इथे एक वजा करावा लागत नाही.