अथेन्समध्ये प्लास्टर बघताना

अथेन्सला गेलेला प्रत्येक जण अ‍ॅक्रोपोलिसची टेकडी चढतो. आम्हीही चढलो. डोक्यावर ऊन, पायाखाली लाखो चपला-बुटांनी गुळगुळीत केलेला संगमरवर, आणि वर परांच्या नि क्रेनसकट पार्थेनॉन, म्हणजे अथीना देवीचं प्राचीन देऊळ. त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात, म्हणून ते सोडून देते. मला सांगायचंय ते टेकडीखालच्या संग्रहालयाबद्दल.

अक्रोपोली मेट्रो स्टेशनाच्या बाहेर पडलं की ही काचेची इमारत दिसते. बर्नार्ड चुमी या वास्तुविशारदाचं हे काम २००९ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पार्थेनॉनची बरीच शिल्पं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत आणि ग्रीस ती परत मागतोय. ‘शिल्पं परत द्यायची, पण ठेवाल कुठे?’ या जुन्या ब्रिटिश प्रश्नाला ग्रीकांनी दिलेलं हे उत्तरच आहे.

खरी गंमत सगळ्यात वरच्या मजल्यावर. हा मजला खालच्या इमारतीपेक्षा थोडा तिरका वळवलाय, थेट पार्थेनॉनला समांतर. चारी बाजूंना काच, त्यातून समोर देऊळ. आणि आत, देवळावर होती त्याच क्रमाने आणि त्याच मापाने मांडलेली शिल्पपट्टी. अथीनाच्या उत्सवाची मिरवणूक आहे ती: घोडेस्वार, बळीचे बैल, घागरी उचललेले तरुण, आणि पूर्वेला देवीसाठी विणलेलं वस्त्र. आपल्याकडे देवीला साडी-चोळी नेतात, अगदी तसंच.

चालता चालता मध्येच दगडाचा रंग बदलतो. मूळ संगमरवर मधासारखा पिवळसर. शेजारी पांढरंफटक प्लास्टर, म्हणजे इथे नसलेल्या तुकड्यांच्या प्रतिकृती. जे प्लास्टर, ते बहुतेक लंडनला. मूळ पट्टी सुमारे १६० मीटर लांब होती. त्यातली साधारण ५० मीटर इथे, ७५ मीटर ब्रिटिश म्युझियममध्ये. पश्चिमेच्या त्रिकोणी शिखरातल्या पोसायडन या समुद्रदेवाचे तर खांदे लंडनला आणि पोट अथेन्सला! संग्रहालयाला भाषण करायची गरजच पडत नाही. खाली पहिल्या मजल्यावर पाच कॅरिआटिड (खांबांऐवजी छत पेलणाऱ्या स्त्रियांच्या मूर्ती) उभ्या आहेत, सहावीची जागा रिकामी ठेवलीय. मागे जाऊन त्यांच्या जाडजूड वेण्या जरूर बघा.

हे सगळं नेलं लॉर्ड एल्गिनने. तो ऑटोमन, म्हणजे तेव्हा ग्रीसवर राज्य करणाऱ्या तुर्कांच्या, दरबारी ब्रिटनचा राजदूत होता. १८०१ पासून त्याच्या माणसांनी शिल्पं उतरवली, काही चक्क करवतीने कापून. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५,००० पौंडांना विकत घेतली. तुर्कांनी परवानगी दिली होती, असा त्याचा दावा. ती परवानगी नेमकी कशाची होती, यावर अजून वाद चालू आहे. पण परक्या सत्तेने दुसऱ्याच्या देवळाबद्दल दिलेला कागद आपल्याला तरी ओळखीचा वाटायला हवा. (या घराण्याचा आपल्याशीही संबंध आहे. एल्गिनच्या मुलाने १८६० मध्ये पेकिंगचा उन्हाळी राजवाडा जाळायला लावला, नंतर तो हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला. त्याची कबर धरमशाळेला आहे.)

१९६३ चा कायदा संग्रहातल्या वस्तू देऊन टाकू देत नाही, असं ब्रिटिश म्युझियम सांगतं. फार तर उसन्या देऊ, पण आधी मालकी आमची हे मान्य करा. ग्रीस ते मान्य करत नाही. आपली वस्तू आपणच उसनी कशी घ्यायची? इथे मला साताऱ्याची वाघनखं आठवली. जुलै २०२४ मध्ये ती व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून आली, तीही तीन वर्षांच्या बोलीवर. अफझलखानाच्या वेळची हीच, याची खात्री देता येत नाही असं ते म्युझियम स्वतःच म्हणतं. आपण ढोलताशे वाजवून घेतले. ग्रीकांचा हट्ट मला जास्त पटला.

आणि द्यायचंच ठरलं की वाट निघते. इटलीतल्या पालेर्मोच्या संग्रहालयात पट्टीतल्या एका देवतेचं पाऊल होतं. २०२२ च्या जानेवारीत ते आधी ठेव म्हणून आलं, त्याच वर्षी कायमचं झालं. २०२३ मध्ये व्हॅटिकनने तीन तुकडे परत केले. फक्त ते पोपकडून ग्रीक धर्मप्रमुखांना भेट म्हणून, म्हणजे दोन सरकारांमधला व्यवहार दिसायला नको. चलाखी आहे, पण तुकडे आले ना! एक घोड्याचं डोकं, एक मुलाचं, एक दाढीवाल्याचं.

जाणाऱ्यांसाठी: टेकडी सकाळी लवकर करा, संग्रहालय दुपारी. शुक्रवारी ते रात्री दहापर्यंत उघडं असतं. आणि पुढे लंडनला जाणार असाल तर ब्रिटिश म्युझियमचं १८ नंबरचं दालन बघाच, तिकीट लागत नाही. तिथे हीच मिरवणूक खोलीच्या आतल्या बाजूला तोंड करून लावलीय. देवळावर ती बाहेर बघायची.