राणीसाठी लिफ्ट बसवली होती, १८९३ ला

मागच्या महिन्यात शेवटी ऑस्बोर्न हाऊस, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचं समुद्राकाठचं घर, बघून झालं. इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनला येऊन सात वर्षं झाली, समोर आयल ऑफ वाइट हे बेट, घर तिथेच, फेरीने ईस्ट काउजला उतरायला साधारण तासभर, तिथून घर जवळच, सगळ्यांचं दोन-दोनदा बघून झालंय आणि मी मात्र दरवेळी काहीतरी कारण काढून टाळत होते. खरं कारण असं की या जुन्या मोठ्या घरांची मला धास्ती बसलीय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. उजव्या पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराचा सांगाडा, एक कुबडी, आणि लांब चालायचं असेल तर घडीची व्हीलचेअर. कठडा असेल तर पंधरा-वीस पायऱ्या मी चढते, वेळ लागतो पण चढते. कठडा नसेल तर तीन पायऱ्यासुद्धा जमत नाहीत.

धास्ती बसली ती दोन वर्षांपूर्वी. दुसऱ्याच एका घरी गेलो होतो, नाव नाही घेत. माहितीत लिहिलं होतं की व्हीलचेअरची सोय आहे, एवढंच, एक ओळ. दोन तास गाडी चालवून गेलो. पार्किंगपासून घरापर्यंत सगळी खडी, आणि खडीत व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं रुततात हे ज्याने ढकललीय त्यालाच कळेल, नवरा घामाघूम झाला. समोर दगडी पायऱ्या. तिथला माणूस अगदी नम्रपणे म्हणाला, तुम्ही मागून या. मागे म्हणजे तळघरातल्या नोकरांच्या दारातून, कचऱ्याचे डबे ठेवतात त्या बाजूने, तिथे बेल दाबायची आणि थांबायचं, वीस मिनिटं कुणी आलं नाही. मग आत खालच्या दोन खोल्या बघितल्या आणि वरच्या मजल्याच्या वेळी माझ्या हातात फोटोंचा अल्बम दिला, हे बघा, वर असं असं आहे. नवरा आणि लेक माझ्याशिवाय जायला तयार नव्हते, मीच त्यांना ढकललं, आणि दोघांच्या बॅगा मांडीवर घेऊन बसले.

आणि तिथे बसल्यावर मला सहावीतली सहल आठवली. एक जुना वाडा बघायला नेलं होतं शाळेने. जोतं उंच, मग आत अरुंद अंधारा लाकडी जिना. बाई म्हणाल्या, तू इथेच बस बाळ, सगळ्यांच्या चपला आणि डबे राख. बाईंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांना दुसरं काही सुचलं नाही. मी बसले. वरच्या माडीवर मुली धावत होत्या त्यांच्या पायांचा आवाज डोक्यावर येत होता. चाळीस वर्षांनी इंग्लंडमध्ये तोच आवाज, तीच मी, मांडीवर बॅगा. घरी येताना गाडीत कुणीच फार बोललं नाही.

म्हणून ऑस्बोर्न नको नको करत होते. यावेळी लेकीने परस्पर तिकिटं काढली. मी म्हटलं थांब, आधी फोन करू, आणि फोनवर मी सगळं विचारलं, पायऱ्या किती, कठडा एका बाजूला की दोन्ही, मध्ये बसायला कुठे मिळेल, खुर्ची किती रुंद चालेल. पलीकडच्या बाईंनी न कंटाळता उत्तरं दिली. तुम्हीही कुठेही जाणार असाल तर आधी फोन कराच, कारण प्रत्येकाचं अपंगत्व वेगळं, माझ्या घडीच्या खुर्चीला जे जमतं ते मोठ्या बॅटरीवाल्या खुर्चीला जमेलच असं नाही.

आता घराबद्दल. व्हिक्टोरिया राणी आणि तिचा नवरा अल्बर्ट यांनी ही जागा १८४५ ला घेतली, जुनं घर लहान पडलं म्हणून नवीन बांधलं, थॉमस क्युबिट नावाच्या बिल्डरकडून, १८५१ पर्यंत काम चाललं. लंडनच्या दरबारी गडबडीपासून लांब, समुद्राकाठचं आपलं घर असावं म्हणून. इटालियन धाटणीचे मनोरे, समोर उतरत जाणाऱ्या बागा आणि पलीकडे सोलंटचं, म्हणजे बेट आणि इंग्लंडच्या किनाऱ्यामधल्या खाडीचं, पाणी. अल्बर्ट १८६१ ला वारला, त्यानंतर राणी चाळीस वर्षं इथे येत राहिली आणि २२ जानेवारी १९०१ ला इथेच, वरच्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत वारली.

आणि या चाळीस वर्षांत राणी म्हातारी झाली, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. शेवटच्या वर्षांत तिला संधिवाताने चालवत नव्हतं, काठी लागायची, मग चाकाची खुर्ची, डोळ्यांनीही कमी दिसायला लागलेलं. तर १८९३ ला या घरात तिच्यासाठी लिफ्ट बसवली. माणसाच्या हाताने चालवायची लिफ्ट, खाली तळघरात माणूस उभा राहून ती चालवायचा, आणि राणी वर आपल्या खोल्यांकडे जायची.

मी ते ऐकलं आणि तिथेच थांबले. नवरा म्हणाला, दमलीस का गं? दमले नव्हते. एवढी वर्षं मी जे ऐकत आले, भारतात आणि इथेही, की हेरिटेज आहे हो, जुनं बांधकाम, हात लावता येत नाही, ते सगळं त्या एका लिफ्टने खोटं पाडलं असं मला वाटलं. घरात राहणाऱ्या बाईचे गुडघे गेले तेव्हा त्याच घराला भोक पाडून लिफ्ट घातली की नाही? आणि आज तीच लिफ्ट त्या घराच्या इतिहासाचा भाग आहे. ही घरं कधीच जशीच्या तशी राहिली नाहीत, पाण्याचे नळ आले, वीज आली, मालकाला जे हवं ते सगळं आलं. कुणाच्या पायांसाठी बदल करायचा, एवढाच प्रश्न होता.

अजून एक गोष्ट मला तिथे कळली. राणीनंतर तिच्या मुलाने, सातव्या एडवर्डने, १९०२ ला हे घर देशाला देऊन टाकलं आणि १९०४ पासून त्याच्या काही भागात सैन्यातल्या आजारी, जखमी अधिकाऱ्यांना बरं होईपर्यंत ठेवायचे. पहिल्या महायुद्धातले अधिकारीही इथे होते. म्हणजे या कॉरिडॉरमधून कुबड्या घेतलेली माणसं वर्षानुवर्षं फिरलीत, माझ्या आधी कितीतरी. राणीच्या खाजगी खोल्या सगळ्यांसाठी उघडल्या त्या त्यानंतर, १९५४ ला.

मुळात या घरांना एवढ्या पायऱ्या का, याचंही मला कुतूहल होतं म्हणून थोडं वाचलं. अठराव्या शतकात इथल्या श्रीमंतांना इटालियन पद्धतीची घरं हवी होती, त्यात खालचा मजला स्वयंपाकघर, कोठीची खोली, नोकरचाकर यांचा, आणि मिरवायचा मुख्य मजला त्याच्यावर उचललेला, बाहेरून भव्य जिना चढूनच आत जायचं. आपल्या वाड्याचं जोतं जसं मुद्दाम उंच असतं तसंच, पाहुण्याने मान वर करून बघितलं पाहिजे. डर्बीशरचं केडल्स्टन हॉल हे याचं नमुनेदार घर, कर्झन घराण्याचं, आणि कलकत्त्याचं गव्हर्नमेंट हाऊस, म्हणजे पुढे तिथलं राजभवन झालं ते, १७९९ ते १८०३ मध्ये बांधलं ते याच केडल्स्टनवरून, तोच भव्य जिना तिकडेही गेला. म्हणजे पायऱ्या हा काही अपघात नाही, बडेजाव दाखवायलाच त्या बांधल्या. आणि त्यामुळेच आज चालू न शकणारा माणूस आपोआप नोकरांच्या दाराशी जातो, कारण सपाट दार तेवढंच असतं. मला त्या दाराचं वावडं नाही, रॅम्प तिथे सोपा पडत असेल तर तिथे करा. पण मग ते दार सगळ्यांचं करा ना, तिकीट तिथे फाडा, सगळ्यांना तिथून आत घ्या, मला एकटीला कचऱ्याच्या डब्यांजवळ बेल वाजवायला लावू नका.

कायदा इथे आहे, २०१० चा इक्वॅलिटी ॲक्ट, त्याच्या आधी १९९५ चा होता. जिथे लोकांना सेवा देता तिथे अपंग माणसासाठी वाजवी बदल करायचे, आणि कुणी दारात येऊन अडेपर्यंत थांबायचं नाही, आधीच विचार करून ठेवायचा. जुन्या संरक्षित इमारतीत भिंत पाडायची तर वेगळी परवानगी लागते, ती मिळेलच असं नाही, हे मला मान्य आहे. सगळीकडे लिफ्ट बसणार नाही, कोरीव जिना तोडा असं मी कुठे म्हणतेय. पण दगडाला एकही खिळा न मारता उचलून ठेवता येईल असा रॅम्प असतो. खडीच्या रस्त्यावर एक पट्टा घट्ट आणि सपाट करता येतो. वर व्हीलचेअर एका वेळी एक-दोनच नेणार, कारण आग लागली तर लिफ्ट वापरता येत नाही आणि माणसाला खाली आणायचं कसं, हा नियम बऱ्याच ठिकाणी असतो आणि मला तो पटतोही, फक्त तो मला घरून निघायच्या आधी सांगा आणि वेळ ठरवून द्या, तिथे पोचल्यावर नको.

आणि बसायची सोय! यावर कुणी बोलतच नाही. अपंग म्हटलं की सगळ्यांना फक्त व्हीलचेअर दिसते, पण माझ्यासारखी चालणारी, पण दहा मिनिटांनी टेकावं लागणारी माणसं किती असतात, गुडघ्याची ऑपरेशन झालेली, हार्टवाली, आपल्या आया-सासवा सगळ्या यात आल्या. या घरांत खोलीभर खुर्च्या असतात आणि एकीवरही बसायचं नसतं. काही ठिकाणी जुन्या खुर्च्यांवर पाइनची फळं किंवा काटेरी वाळकी बोंडं ठेवतात, कुणी बसू नये म्हणून. कापड जुनं, मला कळतं. पण त्या खोलीत कोपऱ्यात एक साधी घडीची खुर्ची ठेवली तर काय बिघडतं. तसंच उजेडाचं. जुने पडदे, रेशीम विटू नये म्हणून दिवे अगदी मंद ठेवतात, पन्नास लक्सच्या (उजेड मोजायचं माप) आसपास, आणि नजर कमी असलेल्या माणसाला त्यात पाट्यासुद्धा वाचता येत नाहीत, मग मोठ्या अक्षरातली माहिती हातात द्या, बाहेर उजेडात वाचता येईल.

आपल्याकडे? आपल्याकडे अपंगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, सुगम्य भारत हे सरकारी अभियान २०१५ ला सुरू झालं, काही ठिकाणी रॅम्पही झालेत. रायगडाला रोपवे आहे म्हणून माझी आई, चौदाशेच्या वर पायऱ्या जिला या जन्मी शक्य नव्हत्या, ती वर पोचली. वर पोचल्यावर पुढे पुन्हा खडबडीत दगड आणि पायऱ्या आहेतच, ती थोडी चालली, थोडी बसली. पण वर पोचली, वारा लागला तिला तिथला. जगदीश्वराच्या देवळापर्यंत गेली नाही याचं तिला दुःख नाही, ती सगळ्यांना सांगत असते, मी रायगडावर जाऊन आले. रोपवेने गडाचं काही कमी झालं का? मला नाही वाटत.

तर ऑस्बोर्नला राणीच्या खोल्यांपर्यंतचा जिना मी चढले. खुर्ची खाली ठेवली, एका हाताने कठडा, दुसरीकडे नवरा, मध्ये तीनदा थांबले, मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ दिलं. घाई कुणी केली नाही. ज्या खोलीत राणी वारली ती खोली बघितली, खिडकीतून पाणी आणि त्यावर बोटी बघितल्या. त्याच्याही वर, दुसऱ्या मजल्यावर मुलांची खोली आहे, तिथे मी गेले नाही. पाय थकला होता आणि खाली दरबार रूम बघायची होती, शक्ती तिच्यासाठी राखून ठेवावी असं माझं मीच ठरवलं.

दरबार रूम खालच्या मजल्यावर आहे, १८९०-९१ ची, लाहोरच्या आर्ट स्कूलमधले भाई राम सिंग यांनी घडवलेली, ज्या बाईने भारतात कधी पाऊल ठेवलं नाही तिच्यासाठी. पांढरंशुभ्र नक्षीकाम, छतभर, भिंतीभर, शेकोटीच्या वर पिसारा फुलवलेला मोर. त्या कामासाठी राज्याचा पैसा होता आणि ते राज्य कसं मिळवलेलं होतं हेही मनात येतंच, मी ते विसरून बघू शकत नाही. पण हात आपल्याकडच्या कारागिराचा आहे आणि तो बघताना ऊर भरून येतो, दोन्ही एकदम होतं. तिथल्या एका वयस्कर मदतनीस बाईंनी माझी कुबडी बघितली आणि मी काही न मागता एक खुर्ची आणून दिली, म्हणाल्या, छत बसूनच नीट दिसतं.

मी बसून राहिले. नवरा आणि लेक वरच्या मजल्यावर मुलांची खोली बघायला परत गेले होते, जाताना लेकीने माझी पर्ससुद्धा खांद्याला लावून नेली. अर्ध्या तासाने आले. लेक म्हणाली, आई, छोटे छोटे पाळणे आहेत वर, सांगू का सगळं? म्हटलं सांग, पण आधी इकडे बस, हा मोर बघ.